पेन्सिलीतली माती

दुपारी जेवण झालं की कारखान्यात घटकाभर पडायचं, ही माझी लहानपणापासूनची सवय. कारखाना म्हणजे जोहे गावातला आमचा गणपतींचा कारखाना. तिथं धूर नाही आणि भोंगाही नाही. वर निळं प्लास्टिक, खाली गोणपाट आणि चारी बाजूंना फळ्यांवर बसलेले गणपती. प्लास्टिकमधून गाळून येणाऱ्या उजेडात ते सगळे पाण्याखाली बसल्यासारखे दिसतात. झोप येता येता मला वाटायचं, मी झोपले की हे आपसात बोलायला लागणार. जाग आली की वाटायचं, आत्ताच गप्प झाले. डोळे न आखलेल्या मूर्तींमध्ये झोपण्याचं एक सुख असतं, कुणी आपल्याकडे बघत नसतं. एकदा डोळे आखून झाले की त्यांच्यासमोर आडवं व्हायला लाज वाटते. मी मग घरात जाऊन झोपते.

त्या अर्धवट झोपेत एक आवाज असायचा. सुकलेल्या रंगावरून पेन्सिल फिरल्याचा. आवाज म्हणावा इतकाही तो नव्हता. पण पलीकडे शेतावर बगळे उतरलेले असावेत, आई आणि कामावरच्या बायका पॉलिश पेपर घासता घासता कुणाची तरी निंदा करत असाव्यात, आणि या सगळ्याच्या तळाशी तो पेन्सिलीचा आवाज असावा. तो ऐकू आला की बाबा डोळे आखतायत हे कळायचं आणि मला शांत झोप लागायची.

आमच्या भागात डोळ्यांच्या आखणीवरून कारखाना ओळखतात. बाकीची मूर्ती दहा हात फिरून तयार होते, साचा एकाचा, पीतांबर दुसऱ्याचा, दागिने तिसऱ्याचे. डोळे मात्र एकाच हाताचे. पुष्कळ कारागीर थेट ब्रश टेकवतात. बाबा तसं कधीच करत नसत. आधी अगदी फिकी पेन्सिल, मान मागे घेऊन एकदा बघणं, मग ब्रश. लोक त्यांना हसायचे, एवढी वर्षं झाली तरी पेन्सिल लागते म्हणून. बाबांचं उत्तर ठरलेलं असायचं.

"ब्रश बोलला की बोलला. पेन्सिलीला म्हणता येतं, तसं नव्हतं म्हणायचं मला."

ती पेन्सिल मला कधी मिळाली नाही. मागितली की बाबा म्हणायचे, "तू शेल्याची किनार रंगव." मग मी टॉर्चचे संपलेले सेल फोडायची. त्यातून एक काळी कांडी निघते, हात काळे करणारी. त्या कांडीने मी ओट्याच्या सिमेंटवर डोळे काढायची. ओळीने डोळे, नुसतेच, चेहरा नसलेले. बाबा बादलीने पाणी ओतायचे. सिमेंट धुतलं जायचं आणि डोळे तसेच वर बघत राहायचे. आई म्हणायची, "या पोरीनं ओट्याला दृष्ट लावली गो."

हट्टी तर मी होतेच. एकदा सरळ विचारलं, मला डोळे का नाही शिकवत? बाबांनी हातातला ब्रश पाण्यात बुडवला. मग म्हणाले, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाशील. आपले डोळे पण तुझ्याबरोबर जातील." त्यात रागावण्यासारखं त्यांना काहीच वाटत नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. त्या दिवसापासून मी पेन्सिल मागितली नाही. किनारी रंगवत राहिले. नाकापेक्षा मोती जड व्हावा इतक्या नटव्या किनारी रंगवल्या.

लग्न होऊन मी रोह्याला आले. नवरा धाटावच्या एका कंपनीत फिटर आहे. बघायला आला तेव्हा तो पहिली शिफ्ट संपवून तसाच आला होता. हात धुतलेले होते, तरी बोटांच्या रेषांत काळं बसलेलं. नुसतं काळं नाही, उजेडात धरलं की रुपेरी दिसणारं. चहाच्या पांढऱ्या कपावर त्याचा अंगठा उमटला. आईने तो ठसा पाहून कपाळाला आठी घातली. बाबांनी कप हातात घेऊन खिडकीकडे नेला.

"पेन्सिलीचं शिसं व्हय हे?"

"तेच म्हणा. ग्राफाइट," तो म्हणाला. "पंपाच्या शाफ्टभोवती याचीच दोरी गुंडाळतो आम्ही. घासून घासून गरम होतं, पण जळत नाय, चिकटत नाय."

मग तो बोलतच सुटला. मुलगी बघायला आलाय हे विसरून. त्यांच्या कंपनीत आम्ल थंड करायला ग्राफाइटचे मोठे ठोकळे असतात, आत आरपार भोकं पाडलेले. आम्ल लोखंडाला खाऊन टाकतं, याला शिवत नाही. उष्णता मात्र यातून भराभर बाहेर जाते. वीजही जाते, म्हणून मोटरमध्ये याचा तुकडा फिरत्या भागाला टेकवून ठेवतात. "पण आपटला तर फुटतो," तो म्हणाला. "बशीसारखा जपावा लागतो."

आणि पेन्सिलीत शिसं नसतंच, ग्राफाइटची पूड आणि चिकणमाती मळून, भाजून ती कांडी करतात, हे त्याने सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीतून पुढे सरकले. माती जास्त घातली की पेन्सिल कडक आणि फिकी, कमी घातली की मऊ आणि काळी.

"म्हणजे पेन्सिलीत पण माती हाय?"

"हाय ना."

बाबा हसले. आयुष्यभर एका हातात शाडू आणि दुसऱ्या हातात पेन्सिल धरलेल्या माणसाला त्या दोन्ही वस्तू एकाच घरच्या निघाल्या. मला वाटतं माझं लग्न तिथंच ठरलं. मला कुणी विचारलं ते नंतर.

रोह्याच्या घरात मग ग्राफाइट सगळीकडे शिरलं. कुंडलिका नदीवरून वारा येतो आणि लोखंड गंजवतो, त्यामुळे आमच्याकडे कुलपं, कड्या, बिजागऱ्या कायम कुरकुरतात. नवऱ्याचा एकच उपाय. काळ्या पुडीची डबी आणायची आणि चिमूटभर आत फुंकायची. माझ्या पर्सची चेन अडकली की तो तिच्यावर पेन्सिल घासतो आणि ती सुळकन उघडते. "नव्या पत्त्यांच्या कॅटसारखं असतं याचं," तो सांगतो. "पान पानावरून घसरतं, म्हणून सगळं सरकतं." जिथं घासतं तिथं ग्राफाइट, हा त्याचा धर्म आहे. एकदा त्याने माझ्या आईला सांगितलं की हिरा आणि ग्राफाइट मुळात एकच, दोन्ही नुसता कार्बन. आई म्हणाली, "मग जावयबापू, माझ्या लेकीला तुम्ही हिऱ्यानंच मढवलंय म्हणायचं. उशीच्या अभ्र्यापर्यंत."

पावसाळ्यात मी माहेरी जाते. रोह्याहून एसटीने रामवाडीला उतरायचं, तिथून जोह्याची गाडी. श्रावणात कारखान्यात हात कमी पडतात, मी किनारी रंगवायला लागते. गणपतीच्या आदल्या दिवशी परत रोह्याला, कारण सण सासरी. हे इतकी वर्षं चाललंय की आता त्यात बरंवाईट असं काही वाटत नाही.

गेल्या वर्षी दुपारी अशीच कारखान्यात पडले होते. झोप येत नव्हती. बराच वेळ कळेना, काय चुकतंय. मग लक्षात आलं, आवाज बदललाय. पेन्सिल दोनदा फिरायची आणि मग दुसराच आवाज यायचा, रबराचा. परत पेन्सिल. परत रबर. मी डोळे मिटून ऐकत राहिले. बाहेर भात पोपटी झालं होतं आणि वाऱ्याबरोबर खाडीचा वास येत होता. आयुष्यात पहिल्यांदा त्या जागेत मला भीती वाटली.

बाबा चहाला उठले तेव्हा मी फळीजवळ गेले. आखणी झालेल्या मूर्तींच्या डोळ्यांखाली राखाडी सावली होती. रात्रभर जागलेल्या माणसाच्या असते तशी. रबराने पेन्सिलीची रेघ जाते, पण पुरती जात नाही. ग्राफाइटची पूड रंगात घासली जाते आणि तकाकायला लागते. वरून रंग दिला तर तो तिथं नीट धरत नाही. मी बोट फिरवलं, बोट रुपेरी झालं. एका मूर्तीला नाही, सगळ्या ओळीला तसंच होतं.

आईला विचारलं. ती पॉलिश पेपर झटकत म्हणाली, "मला काय विचारतेस? गेल्या दिवाळीपास्नं हात हलतोय त्यांचा. ताटात वरण वाढून घेत नायत, मलाच वाढायला लावतात. डॉक्टर म्हणतो वयाचं हाय. पण बोलायचं नाय कुणी. तू पण बोलू नकोस."

मी बोलले नाही. बाबांना काय म्हणणार? या माणसाकडून डोळे गेले तर उरतं काय, हे मला दिसत होतं आणि ते मला सहन होत नव्हतं. रडू आलं ते मोरीत जाऊन रडले. आणि लाज वाटते सांगायला, त्या रडण्यात एक बारीकसा आवाज होता, आता डोळे कोण आखणार, असं विचारणारा.

रविवारी नवरा आला तेव्हा त्याला मात्र सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, पंपाची तक्रार ऐकतो तसं.

"शाफ्ट थरथरतो म्हणून कुणी पंप फेकत नाय," तो म्हणाला. "आधार द्यायचा."

पुढच्या रविवारी तो एक वस्तू घेऊन आला. लाकडी घोडी होती, तिच्यावर आडवी पट्टी, आणि पट्टीवर मागेपुढे सरकणारा कोपराएवढा ठोकळा. कोपर ठोकळ्यात टेकवायचं आणि हात चालवायचा. बाबांना त्याने थरथरीबद्दल एक शब्द सांगितला नाही. म्हणाला, "मामा, मान दुखते ना तुमची? वाकायला नको म्हणून केलंय." बाबांनी त्याच्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं आणि ते त्यांनी कळू दिलं नाही.

बाबा बसले, कोपर टेकवलं. ठोकळा कुरकुरला आणि मध्येच अडकला. नवऱ्याचा चेहरा खुलला. अडकलं म्हणजे उपाय त्याच्या खिशातच होता. डबी काढून त्याने पट्टीवर पूड घातली, बोटाने चोळली, ठोकळा दोनदा मागेपुढे केला. लोण्यासारखा सरकला.

"आता बघा, मामा."

बाबांनी पेन्सिल टेकवली. इतके दिवस निदान कोपर गोणपाटाला धरून असायचं. आता ते कशालाच धरून नव्हतं. हाताची थरथर पूर्वी बोटांपुरती होती, ती आता त्या पट्टीवर अख्ख्या हाताला घेऊन धावली. रेघ डोळ्याच्या कोपऱ्यातून निघाली ती थेट सुपाएवढ्या कानापर्यंत गेली. बाबांनी घाईने ती तळव्याने पुसली. तळव्याला पट्टीवरची पूड लागलेली. गाल काळा. मूर्ती सावरायला नवरा पुढे झाला. त्याचे हात तर जन्माचे काळे. दुसरा गाल काळा. शेजारच्या मूर्तीला धक्का लागेल म्हणून मी तिला पदराने धरलं, तेव्हा माझ्याही पदराला पूड होती हे मला माहीत नव्हतं. ओल्या फडक्याने पुसायला गेलो तसं ते आणखी पसरलं. जराशाने त्या फळीवरचे सगळे गणपती कोळशाच्या वखारीतून आल्यासारखे दिसायला लागले.

बायकांचे पॉलिश पेपर थांबले. आईच बोलली.

"लोक काजळ डोळ्यात घालतात. आमच्या जावयानं गणपतीच्या गालाला घातलं."

सगळ्यात आधी बाबा हसले. आवाज न करता, खांदे हलवत, आणि मग ते थांबेचनात. नवरा काळ्या हातांनी कपाळ धरून बसला होता, त्यामुळे त्याच्याकडे बघवत नव्हतं. हसता हसता बाबांनी चष्मा काढला आणि उजवा हात सगळ्यांसमोर उचलून धरला. निळ्या उजेडात तो हात हलत होता. इतके महिने खिशात, पंच्यात, ताटाखाली लपवलेला हात.

"ह्याला काय आधार देणार तुम्ही, जावयबापू?" ते म्हणाले. "हा आता नाय राहायचा."

त्यांच्या आवाजात दुःख होतं, पण सुटल्यासारखंही काही होतं. नवरा पुटपुटला, "चुकलं माझं, मामा. इथं घसरायला नको होतं, धरायला पाहिजे होतं." दुपारभर तो त्या गालांवरून पॉलिश पेपर फिरवत बसला. नंतर पुन्हा पांढऱ्या रंगाचा हात दिला, पुन्हा अंगाचा रंग. ती घोडी आईने फुलांच्या कुंड्या ठेवायला घेतली.

संध्याकाळी नवरा शिफ्टसाठी परत गेला. मी ब्रश धूत होते. बाबांनी हाक मारली, "इकडं ये गो, बाय." त्यांच्यासमोर मोठी शाडूची मूर्ती होती, रामवाडीच्या एका जुन्या घरची. त्या घरी बाबांच्या वडिलांच्या काळापासून आमचाच गणपती जातो. त्याचे डोळे बाबा सगळ्यात जपून आखत.

त्यांनी पेन्सिल घेतली आणि रेघ काढली. लपवली नाही की पुसली नाही. वाकडीतिकडी, पाण्यात हलणाऱ्या दोऱ्यासारखी रेघ. वरची पापणी, खालची, बुबुळाची जागा. मग ब्रश माझ्याकडे केला.

"मला येत नाय," मी म्हणाले. आणि ते खोटं नव्हतं. ओट्यावर काढलेले डोळे वेगळे.

"ओट्यावर काय कमी काढलेस? पाणी ओतून ओतून माझी कंबर गेली."

"मी रोह्याची, बाबा. तुम्हीच म्हणाला होतात, डोळे बाहेर जातील."

त्यांनी बाहेर बघितलं. भातावर संध्याकाळ उतरली होती आणि बांध दिसेनासे झाले होते. "गेले तर गेले," ते म्हणाले. "माझ्यापाशी ठेवून आता ते राहणार हायत का?"

मी ब्रश टेकवला. "माझ्या रेघेवरनं जाऊ नको," बाबा मागून म्हणाले. "ती नुसती जागा दाखवायला हाय. नजर कुठं जाते ते बघ आणि तिकडं जा." पुढचं मला नीट आठवत नाही. खरंच आठवत नाही. बाबांच्या हलत्या रेघेच्या आतबाहेर माझा काळा रंग सरळ निघाला, कधी तिला झाकत, कधी तिच्या शेजारून. एवढंच आठवतं की बुबुळात पांढरा ठिपका दिला आणि मी एकदम मागे सरकले, कुणीतरी माझ्याकडे बघितलं म्हणून.

बाबांनी दिवा जवळ घेतला. बराच वेळ पाहिलं. मग आईला हाक मारून म्हणाले, "उद्यापास्नं मला पॉलिश पेपर दे." आणि दुसऱ्या दिवशी ते खरोखरच बायकांच्या ओळीत जाऊन बसले. मी लांबून बघायची. त्या कामाला हात हलला तरी चालतो. पण ज्या माणसाच्या पेन्सिलीच्या आवाजावर मी झोपत आले तो तिथं बसलेला बघून मला भरून यायचं आणि माझा ब्रश थांबायचा. ते न बघताच म्हणायचे, "हात थांबवू नको."

राहिलेले सगळे डोळे मी आखले. गावात कुणाला सांगितलं नाही. आईही बोलली नाही. मी मनात ठरवून टाकलं होतं की हे बाबांचेच डोळे म्हणून जातील. जाऊ देत. रागाची ती जुनी गाठ कुठं गेली होती कुणास ठाऊक, मला आता एवढंच हवं होतं की लोकांनी बाबांना पहिल्यासारखं नावाजावं.

गणपतीच्या आदल्या दिवशी रामवाडीच्या त्या जुन्या घरचे काका गाडी घेऊन आले. मी रोह्याची गाडी पकडायला बॅग भरून उभी होते. त्यांनी मूर्तीवरचा रुमाल बाजूला केला, चष्मा वर केला, डोळ्यांकडे पाहिलं. मी कारखान्याच्या दारात होते. बाबा पॉलिश पेपरची धूळ झटकत उठले.

काका म्हणाले, "तुमचा हात आहे तोवर आम्हाला काळजी नाही. नजर बघा कशी जिवंत आलीय."

मी बाबांकडे पाहिलं. नुसतं हसून मान हलवली असती तरी पुरे होतं. मी मनातल्या मनात सांगत होते, हलवा, बाबा, मान हलवा.

रिवाजाप्रमाणे काकांनी विडा आणि नारळ बाबांसमोर धरला. बाबांनी तो घेतला नाही.

"माझा हात गेला," ते म्हणाले. अगदी साधेपणाने, पाऊस थांबला म्हणावं तसं. "यंदाचे डोळे लेकीचे हायत. नारळ तिला द्या. इथनं पुढंही तिलाच."

काका वळले. कामावरच्या बायका बघत होत्या, आई बघत होती. मी बॅग खाली ठेवून ओंजळ पुढे केली. नारळ हातात आला तेव्हा माझे दोन्ही हात इतके थरथरायला लागले की विडा पडणार असं वाटलं. बाबा जवळ आले आणि त्यांनी माझ्या हातांखाली आपला हात धरला. तोही हलत होता. आम्ही दोघं तसेच उभे राहिलो, आणि नारळ पडला नाही.